लग्नाच्या केकवर कोणती फुलं चालतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लगनसराई जवळ आली की माझ्या फोनवर फुलांचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते: "ताई, हे चालते का?" वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी घरून केक करते. साक्षगंध, हळद, रिसेप्शन, आता तर खेड्यातल्या मांडवातही केक कापला जातो आणि त्यावर खरी फुलं हवी असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हंगाम, ऊन, फवारणी सगळं आपल्या भागातलं धरलं आहे. घाईत असाल तर निदान १, ३ आणि ५ वाचाच.

१. केकवर फूल ठेवायच्या आधी नेमकं काय बघायचं?

दोनच गोष्टी. झाड कोणतं, आणि ते वाढलं कुठे. झाड खाण्याजोगं आहे आणि त्यावर फवारा पडलेला नाही, हे दोन्ही खात्रीनं माहीत असेल तरच फूल थेट क्रीमवर ठेवा. झाड विषारी नाही एवढंच माहीत असेल, तर फूल शोभेपुरतं, मध्ये आडोसा ठेवून लावा (प्रश्न १० पाहा). दोन्ही माहीत नसेल तर ते फूल टेबलावर शोभेल, केकवर नको.

"आम्ही फूल थोडंच खाणार, काढून ठेवू" असं बरेच जण म्हणतात. पण क्रीम ओली आणि तुपकट असते. देठातला रस, पराग, पाकळीवरची पावडर तिच्यात उतरते आणि फूल उचललं तरी ती क्रीम ताटात जातेच. शिवाय लहान लेकरू केकपेक्षा आधी फूलच ओढून तोंडात घालतं. म्हणून केकवर ठेवलेलं प्रत्येक फूल खाल्लं जाणार आहे, असंच धरून चाला.

२. मग बिनधास्त कोणती फुलं ठेवता येतात?

घरच्या अंगणातली असतील तर गुलाब पहिला. त्यातही गुलकंदाचा देशी गुलाब वासाला आणि चवीला सर्वांत चांगला. पाकळीचा देठाकडचा पांढरा भाग कडवट लागतो, तो कात्रीनं उडवायचा. मोगरा चालतो, आणि तो नेमका मार्च ते जून या लग्नांच्या दिवसांतच भरात असतो. जास्वंद चालते, पण मधली पुंकेसरांची दांडी काढूनच. एक अडचण अशी की जास्वंदीचं फूल संध्याकाळी मिटतं, म्हणून रात्रीच्या रिसेप्शनला तिचा उपयोग नाही, सकाळच्या साक्षगंधाला घ्या.

गोकर्णाची निळी पाकळी केकवर फार देखणी दिसते आणि तिचा चहा लोक पितातच. मात्र फक्त फूल घ्या, तिच्या शेंगा आणि बिया नकोत. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना हादगा मिळतो. त्याची भाजी आपण खातो, पांढरं मोठं फूल असतं, आतला कडू केसर काढला की झालं. शेवग्याची बारीक फुलंही खाण्यातलीच. रब्बीत करडई फुलली की तिच्या पिवळ्या-केशरी पाकळ्या केशरासारख्या भुरभुरवता येतात. त्यांना फारशी चव नसते, रंग मात्र सुंदर येतो.

शेवंती आणि झेंडू यांच्या सुट्या पाकळ्या थोड्या प्रमाणात चालतात. अख्खं फूल नको, कारण खालचा हिरवा भाग कडू असतो. पण या दोघांबद्दल प्रश्न ६ आणि १९ आधी वाचा.

३. अजिबात नको अशी फुलं कोणती?

कण्हेर, लाल-गुलाबी असो की पिवळी (बिट्टी). दोन्हींच्या सगळ्या भागांत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. पिवळीच्या बियांमध्ये तर फारच. कण्हेर ज्या पाण्यात ठेवली ते पाणीसुद्धा विषारी होतं. धोतरा. रुई. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारखी लाल-पिवळी कळलावी, जिचा कंद तर जीवघेणाच. घाणेरी, म्हणजे टणटणी, जिचे छोटे रंगीत गुच्छ फोटोत मोहात पाडतात. सदाफुली (प्रश्न १४). देवचाफा (खुरचाफा) आणि तगर, कारण दोन्हींना चीक. नागपूरहून येणाऱ्या फुलांपैकी हायड्रेंजिया, अँथुरियम आणि पीस लिली.

यांना आडोसा करूनही केकवर जागा देऊ नका. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते फूल केकसाठी बाद, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण उलट धरू नका: चीक नाही म्हणजे फूल चांगलं, असं नाही. धोतऱ्याला आणि कळलावीला कुठे चीक असतो?

४. रुई मारुतीला वाहतो, धोतरा महादेवाला, कण्हेर देवीला. मग केकवर का नाही?

हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारतात, आणि तो रास्त आहे. देवाला वाहिलेलं फूल आपण खात नाही, त्याचं निर्माल्य होतं आणि ते विसर्जन करतो. प्रसाद वेगळा असतो, खडीसाखर, केळी, पंचामृत. केक हा प्रसादाच्या बाजूचा आहे. आजीला असं सांगून बघा, तिला लगेच पटतं. महादेवाच्या पिंडीवरचं धोतऱ्याचं फूल कुणी लेकराच्या हाती देत नाही, हे तिला आपल्याहून आधी माहीत असतं.

५. बाजारातला गुलाब मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतला तर चालते ना?

नाही, खाण्यासाठी चालत नाही. हा मुद्दा थोडा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात खरा धोका इथेच आहे. विषारी झाडं माणसं ओळखतात. फवारा डोळ्यांना दिसत नाही.

कीटकनाशकं ढोबळमानानं दोन तऱ्हेची. काही पानावर, पाकळीवर बसून राहतात. त्यातली थोडीफार धुण्यानं जातात. दुसरी आंतरप्रवाही, म्हणजे झाड ती शोषून घेतं आणि रसातून सगळीकडे फिरवतं. इमिडाक्लोप्रिड, डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस ही नावं पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात कुणाला नवीन नाहीत. ही औषधं पाकळीच्या आत असतात. वरून कितीही धुतलं तरी आतलं कसं निघणार?

भाजीपाल्याला निदान काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी तरी पाळायचा असतो: शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस तोडायचं नाही. हाराच्या आणि गुच्छाच्या फुलाकडे कुणी खाण्याचा माल म्हणून बघतच नाही. नागपूरला सीताबर्डीच्या फुलबाजारात येणारा लांब दांड्याचा गुलाब पुणे, नाशिक, बेंगळुरूकडच्या पॉलिहाउसमधला असतो. त्याला एक डाग नको, एक किडा नको, म्हणून तोडणीच्या तोंडावरही औषध मारलं जातं. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, त्यानं तो गुलाब बघायला पिकवलेला आहे.

काही जण विचारतात, डब्यावर हिरवा त्रिकोण होता, मग चालेल ना? लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण औषध किती जहाल आहे ते सांगतात. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. खाण्याजोगं असा त्याचा अर्थ होत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. केकवरच्या एका पाकळीनं तसं काही होईल असं मी म्हणत नाही, तो धोका पंप पाठीवर घेणाऱ्याचा होता. पण ज्या भागानं हे जवळून पाहिलं, तिथे "धुतलं की झालं" हे वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकवत नाही.

६. आमच्या वावरात धुऱ्यावर झेंडू आहे. घरचाच आहे, तो चालते का?

घरचा आहे, पण कोणत्या पिकाच्या धुऱ्यावर? कपाशी, तूर, हरभरा यांच्या कडेनं झेंडू सापळा पीक म्हणून लावतात. बोंडअळीच्या पतंगानं मुख्य पीक सोडून झेंडूवर अंडी घालावी, हा हेतू. म्हणजे तो झेंडू किडीला बोलावण्यासाठीच उभा असतो आणि पिकावर पंप फिरला की त्याच्यावरही फवारा पडतो. तोरणाला, हाराला वापरा. केकला नको.

वावरात वर्षभर काहीच फवारलं नसेल तर गोष्ट वेगळी. पण शेजारच्या वावरातून वाऱ्यानं येणारा फवाराही मोजा.

७. मग बिनाफवारणीची फुलं आणायची कुठून?

सगळ्यात सोपं म्हणजे आधी लावायची. लग्नाची तारीख ठरते आणि लग्न लागतं, यात बहुधा दोन-तीन महिने असतात. गोकर्णाचं बी पेरलं तर दीड-दोन महिन्यांत फुलं येऊ लागतात. झेंडूलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. मोगरा आणि गुलाब मात्र जुनाच हवा, कुणाच्या तरी अंगणातला. विचारायला लाजू नका. "लेकीच्या केकला हवी आहेत" म्हटलं की काकू टोपलीभर देतात.

तीन बाबी तपासा. नर्सरीतून नवं रोप आणलं असेल तर त्याची पहिली फुलं घेऊ नका, तिथे औषध दिलेलं असू शकतं. अंगण वावराला लागून असेल तर प्रश्न ६ लागू होतो. आणि डेंग्यूच्या दिवसांत ग्रामपंचायतीची धूरफवारणीची गाडी गल्लीतून गेली असेल, तर त्या आठवड्यातली फुलं सोडून द्या. नालीच्या काठावरची नकोत, हे सांगायला नकोच.

८. फुलं तोडायची आणि धुवायची कशी?

गुलाब, गोकर्ण, जास्वंद सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत तोडा. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दुपारी उतरवा, त्या संध्याकाळी आपोआप फुलतात.

फूल देठाला धरून उलटं करा आणि पांढऱ्या कागदावर टिचकी मारत हळूच झटका. काय काय पडतं बघा: मुंग्या, बारीक काळे भुंगेरे, गुलाबातून डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिवळट फुलकिडे, कधी एखादी हिरवी अळी अंग आखडून बसलेली. मग खोलगट भांड्यात गार पाणी घेऊन फूल दोन-तीनदा बुडवून काढा. नळाखाली धरू नका, पाकळी काळी पडते. मऊ सुती कापडावर पसरा, पंखा लावू नका. पूर्ण कोरडं झालं की ओलसर कापड अंथरलेल्या डब्यात, झाकण लावून फ्रिजमध्ये. भाजीच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ पाकळी जळते.

९. डेकोरेशनवाल्याकडे स्टेजची फुलं उरतातच. त्यातलीच चार केकवर लावली तर पैसे वाचतात.

पैसे वाचतात, पण ही सवय मोडायलाच हवी. स्टेजच्या फुलांत टाचण्या असतात, तार असते, स्टेपलरच्या पिना असतात. एका लॉनवर मी अशा एका गुलाबाचा देठ उकलून बघितला. हिरव्या टेपच्या आत बारीक तार दोन पदर करून वळलेली होती आणि तिचं टोक पाकळ्यांच्या मधोमध वर आलेलं होतं. वरून काहीच दिसत नव्हतं.

शिवाय चमक यावी म्हणून स्प्रे मारलेला असतो, वासाचा स्प्रे वेगळा. निळे गुलाब आणि गर्द निळे ऑर्किड बहुतेक रंग पाजलेले असतात. देठ रंगाच्या पाण्यात ठेवला की रंग पाकळीत चढतो. कार्नेशन जास्त दिवस टिकावं म्हणून त्याला चांदीच्या क्षाराचं द्रावण देतात. आणि ज्या हिरव्या स्पंजात फुलं खोचतात, त्याचा चुरा खाण्यात जाता कामा नये. तो स्पंज केकच्या टेबलावर केकपासून लांबच ठेवायला सांगा.

१०. जरबेरा किंवा ऑर्किड ठेवायचाच हट्ट आहे. सुरक्षित कसं ठेवू?

जरबेरा आणि नेहमीचा जांभळा ऑर्किड ही मुळात विषारी झाडं नाहीत. हरकत त्यांच्यावरच्या औषधाची आहे. म्हणून शोभेपुरतं ठेवता येतं, पण फुलाचा आणि क्रीमचा कुठेही स्पर्श नको.

देठ आखूड कापा. त्याचं टोक वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटमध्ये बुडवून घट्ट होऊ द्या. मग देठ जाड स्ट्रॉमध्ये घाला आणि स्ट्रॉ केकमध्ये रोवा. फुलाखाली बटर पेपरची किंवा खाद्यपदार्थांना चालणाऱ्या (फूड-ग्रेड) प्लास्टिकची गोल चकती सरकवा, फुलापेक्षा थोडी मोठी. नुसता फुलवाल्याचा हिरवा टेप गुंडाळून देठ केकमध्ये खुपसणं म्हणजे आडोसा झाला नाही. टूथपिकनं फूल टोचू नका, अंधाऱ्या मांडवात ती कुणाच्या तरी घासात जाते.

केक कापण्याआधी ही सगळी फुलं कोण उतरवणार, त्याचं नाव आधीच ठरवा. नवरीची बहीण, मामेभाऊ, कुणीही एक. आणि स्ट्रॉ किती रोवल्या ते त्या माणसाला सांगून ठेवा, म्हणजे तो मोजून काढेल.

११. पांढरा जिप्सो तर सगळेच लावतात. तो चालतो ना?

सगळे लावतात हे खरं, पण तो खाण्यातला नाही. त्याच्यात फेस आणणारं सॅपोनिन असतं, घशाला आणि पोटाला त्रास देऊ शकतं. त्याची बारीक फुलं गळून क्रीमला चिकटतात आणि मग वेचत बसावं लागतं. मी लावत नाही.

याहून वाईट म्हणजे जिप्सो मिळाला नाही म्हणून कुणी रस्त्याच्या कडेचं "तसंच दिसणारं" पांढरं गवत आणतं. ते गाजरगवत असतं. हातांना पुरळ, अंगाला खाज, दम्याच्या माणसाला धाप, हे सगळं त्याच्यामुळे होतं. मांडवातही आणू नका. पांढरी बारीक फुलं हवीच असतील तर शेवग्याची घ्या.

१२. मोगरा आणि तगर मला सारखेच दिसतात. ओळखू कसे?

दुहेरी पाकळ्यांची तगर (चांदणी) खरंच मोगऱ्यासारखी दिसते आणि अंगणात दोन्ही शेजारी असतात. देठ तोडा. तगरीला लगेच पांढरा चीक येतो, मोगऱ्याला येत नाही. मोगऱ्याचा वास दारातूनच कळतो. एकेरी तगर तर पाकळ्या पंख्यासारख्या एका बाजूला वळलेल्या असल्यानं लगेच ओळखू येते.

तयार गजरा उचलून केकवर गुंडाळू नका. दोरा असतो आणि त्यात दुसरी फुलंही ओवलेली असतात.

१३. लिलीचं काय?

गुच्छातली मोठी लिली केकवर नको. तिचा केशरी पराग क्रीमवर, शालूवर पडला की निघत नाही, आणि घरात मांजर असेल तर तिला ही लिली जीवघेणी ठरते. पीस लिली आणि कळलावी ही वेगळीच झाडं आहेत, ती प्रश्न ३ च्या यादीत आहेत.

१४. आमच्याकडे शुगरसाठी सदाफुलीची पानं खातात. मग फूल का नको?

सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं काढतात. पेशींची वाढ थांबवणारी औषधं आहेत ती, डॉक्टर वजन मोजून, रक्त तपासून देतात. असं झाड लग्नाच्या ताटात येऊ नये. घरात कुणी रोज पानं चघळत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण शुगरच्या गोळ्या चालू असताना साखर एकदम उतरू शकते.

१५. आपल्या रानातली फुलं वापरता येतील का? पळस, मोह, बहावा, गुलमोहर?

हा माझा आवडता प्रश्न आहे. डच गुलाबाच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या मातीतलं फूल केकवर पाहायला मला जास्त आवडतं.

पळस चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळालेल्या झाडावर तो पेटतो तेव्हा केशरी पाकळ्या सुट्या करून घ्या. काळसर मखमली टोपी आणि देठ काढून टाका. याच फुलांचं सरबत लोक पितात, होळीचा रंगही करतात. थोडा तुरट असतो, म्हणून पाच-सात पाकळ्या पुरे. त्याच्या चपट्या बिया मात्र जंतांवरच्या औषधाच्या, त्या केकजवळ नकोत. एप्रिल-मेच्या लग्नाला पळस मिळत नाही, तो हट्ट सोडा.

मोह म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडचं खाणंच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळसर पांढऱ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो. ताजं फूल केकवर फार वेळ टिकत नाही, पाणी सोडतं आणि वास उग्र होतो. झाडाखालचा पालापाचोळा जाळलेला असेल तर राख चिकटलेली असते, म्हणून नीट धुवावं लागतं. त्यापेक्षा वाळलेली मोहफुलं घ्या. गरम पाण्यात भिजवून फुगू द्या, आतले केसर चिमटीनं काढा, गुळाच्या पाकात मंद आचेवर मुरवा आणि निथळून केकच्या कडेनं रचा. मनुक्यासारखी दिसतात, चव मात्र मोहाचीच. असा केक पूर्व विदर्भातल्या पाहुण्यांसमोर ठेवला की ते आधी थबकतात आणि मग दुसरा तुकडा मागतात.

बहावा आणि गुलमोहर मे महिन्यात रस्ते भरून टाकतात. लहानपणी गुलमोहराची आंबट पाकळी आपण चघळलीही असेल, तरी पाहुण्यांच्या ताटात ती देऊ नका. बहाव्याच्या शेंगेतला गर रेचक असतो. दोन्हींची फुलं केकच्या स्टँडभोवती, टेबलावर सोडा. पिवळ्या झुंबरांखाली पांढरा केक असा दिसतो की वर काही लावायची गरज राहत नाही.

१६. आमची संत्र्याची बाग आहे. बहराची फुलं आणि पानं चालतील का?

फूल विषारी नाही, वासाला तर काय सांगावं. पण वरुड-मोर्शी पट्ट्यात बहर आणि नवी पालवी फुटली की सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारणी ठरलेलीच. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहर जून-जुलैत, म्हणजे फूल आणि फवारा एकाच वेळी. परसात एकटं झाड असेल आणि त्याला काही मारलं नसेल, तर आनंदानं वापरा. बागेतलं नको. हिरवाईसाठी पुदिना, तुळस, कढीपत्ता घरचा घ्या.

१७. नवरदेव कापूसवाला, म्हणून केकवर कापसाची बोंडं हवीत.

कल्पना छान आहे, माझ्याकडेही बरेचदा येते. पण कपाशीवर किती फवारे पडतात ते तुम्हीच जाणता, शिवाय सरकीचे तंतू क्रीमला चिकटतात ते घशात अडकतात. उमललेल्या बोंडांच्या फांद्या केकमागे मटक्यात किंवा रुखवताच्या टेबलावर ठेवा. केकवर बटरक्रीमची बोंडं काढून द्यायला केकवाल्याला सांगा. पांढरा गोळा आणि खाली तपकिरी पाच टोकं, अवघड नाही.

१८. मे महिन्यात ४५ अंशांत फूल टिकतच नाही. काय करू?

फूल शेवटी लावा. केक आणि फुलांचा डबा वेगवेगळे न्या, फुलं बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला न टेकवता. केक टेबलावर आला की मगच सजवा. मोगऱ्याच्या अर्ध्या उमललेल्या कळ्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त साथ देतात. गोकर्ण तासाभरात मान टाकते. कूलरच्या समोर केक ठेवू नका, ओल्या हवेनं क्रीम घाम सोडते आणि निळ्या पाकळीचा रंग तिच्यात पसरतो.

अजून एक सोपा मार्ग म्हणजे वाळवलेल्या पाकळ्या. गुलकंदाच्या गुलाबाच्या घरीच सावलीत वाळवून ठेवा. पूजेच्या किंवा सुगंधाच्या दुकानातल्या वाळक्या पाकळ्या खाण्यासाठी नसतात.

साखर लावलेल्या पाकळ्याही टिकतात. अंड्याचा पांढरा भाग चालत नसेल तर बाभळीचा खाण्याचा डिंक गुलाबपाण्यात विरघळवा, ब्रशनं पाकळीच्या दोन्ही बाजूंना लावा, बारीक साखर भुरभुरवा आणि कोरड्या जागी दोन दिवस कडक होऊ द्या. पावसाळ्यात हे जमत नाही.

१९. कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर? गर्भवती बाईनं खाल्लं तर?

गाजरगवतानं ज्यांना खाज सुटते, त्यांना शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, जरबेरा यांचाही त्रास होऊ शकतो, कारण ही सगळी एकाच, सूर्यफुलाच्या कुळातली. वावरात राबणाऱ्या घरांत अशी माणसं असतातच, म्हणून घरच्यांना आधी विचारा आणि शंका असेल तर गुलाब-मोगऱ्यावर थांबा. दम्याच्या माणसाला पराग त्रास देतो, तेव्हा मधले केसर काढूनच फूल लावा. गर्भवती आणि पाच वर्षांखालची मुलं यांना फुलाशिवायचा तुकडा द्या.

२०. प्लास्टिकची फुलं लावली तर सगळीच कटकट मिटते ना?

फवाऱ्याची मिटते. पण त्यांचा रंग क्रीमला लागतो, आत तार असते आणि ग्लिटर झडतं. ग्लिटरच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असलं तरी ते खाण्याचं नसतं, "एडिबल" लिहिलेलं हवं. लावायचीच तर प्रश्न १० प्रमाणे आडोसा करा.

२१. चुकून कुणी कण्हेर किंवा धोतरा खाल्लाच तर काय करायचं?

तोंडात उरलेलं बोटानं काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप, ताक, काहीच घरचा उपाय नको. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. फुलाचा तुकडा किंवा फोटो बरोबर घ्या.

कण्हेरीनं उलट्या, पोटदुखी होते आणि नाडी मंद किंवा वेडीवाकडी चालते. हे काही तासांनीही सुरू होऊ शकतं, म्हणून लेकरू खेळतंय असं दिसलं तरी थांबू नका. धोतऱ्यानं तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो.

२२. लग्नानंतर उरलेली फुलं गाई-शेळ्यांना टाकली तर चालतात का?

निवडल्याशिवाय टाकू नका. लॉनच्या मागे फुलांचा ढीग पडला की गावातली जनावरं सकाळी तिथेच असतात. कण्हेर आणि घाणेरी जनावरांनाही मारते. टाचणी किंवा तार गाईच्या पोटात गेली तर ती जठर भोसकून काळजापर्यंत पोचते. दोऱ्यानं आतडं अडकतं, हिरवा स्पंजही पोटात साचतो. म्हणून तार, पिना, स्पंज, दोरा आधी वेगळे काढून एका गोणीत बांधा, ती कचऱ्याच्या गाडीत जाऊ द्या. बाजारातली फवारलेली फुलं जनावरांना नकोतच, ती खड्ड्यात पुरा. फक्त अंगणातल्या गुलाब-मोगऱ्याच्या, बिनदोऱ्याच्या पाकळ्या तेवढ्या शेळीपुढे टाका.